ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यात मक्याऐवजी ज्वारी, बाजरी व कणी

मांसासाठी कोंबड्या वाढविण्याच्या धंद्यात जो एकूण खर्च येतो, त्यापैकी सुमारे दोन तृतीयांश किंवा त्याहून थोडा अधिक खर्च एकट्या खाद्यावर होतो. या खाद्यात वजनाने निम्म्याहून अधिक भाग धान्याचा असतो आणि हे धान्य म्हणजे बहुतेक ठिकाणी मकाच होय. साहजिकच मक्याचा भाव चढला की कोंबडीवाल्याचा हिशेब कोलमडतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल तयार करण्यावर मर्यादा घातली. त्यानंतर इथेनॉलसाठी मक्याची मागणी झपाट्याने वाढली आणि एरवी मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशाला २०२४ मध्ये तो बाहेरून आणावा लागला. अशा वेळी घरची ज्वारी, बाजरी किंवा भाताच्या गिरणीतील कणी कोंबड्यांना का घालू नये, असा प्रश्न शेतकऱ्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

याचे उत्तर थोडक्यात असे आहे की, ही धान्ये खुशाल घालावीत. परंतु किलोला किलो या मापाने घालू नयेत. स्वस्त धान्य म्हणजे स्वस्त खाद्य नव्हे. धान्य बदलले की खाद्याची सर्व जुळणी बदलावी लागते, आणि ती बदलली नाही तर पोत्यामागे वाचलेला पैसा पक्ष्यांच्या घटलेल्या वजनात निघून जातो.

ज्यांच्याकडे कंपनीच्या कराराने कोंबड्या वाढविल्या जातात, त्यांना खाद्य कंपनीकडूनच मिळते व त्यात बदल करण्याची मुभा नसते. पुढील माहिती ही स्वतः खाद्य मिसळणाऱ्या लहान पालकांसाठी व त्यांना सल्ला देणाऱ्या ग्रामसेवकांसाठी आहे.

मका कोणते काम करतो ?

ब्रॉयलर पक्षी सुमारे पाच ते सहा आठवड्यांत दोन किलो वजनाचा होतो. इतक्या जलद वाढीस शक्ती व प्रथिने ही दोन्ही भरपूर लागतात. शक्ती प्रामुख्याने धान्यातील पिष्टमय पदार्थांपासून व तेलापासून मिळते, तर प्रथिने प्रामुख्याने सोयाबीनच्या पेंडीपासून मिळतात. भारतीय मानक संस्थेने २००७ साली ठरविलेल्या प्रमाणाप्रमाणे पिलांच्या अगदी सुरुवातीच्या खाद्यात २३ टक्के, त्यानंतरच्या खाद्यात २२ टक्के आणि अखेरच्या खाद्यात २० टक्के प्रथिने असावीत. शक्ती मात्र याच क्रमाने वाढत जाऊन किलोमागे ३,०००, ३,१०० व ३,२०० किलोकॅलरी असावी.

मका हे शक्तीने भरलेले धान्य आहे. त्यात तंतुमय भाग थोडा, तेल बऱ्यापैकी आणि अपायकारक द्रव्य जवळजवळ नाही. म्हणूनच त्याला सर्वत्र पसंती मिळाली. इतर धान्यांची त्याच्याशी तुलना खालील कोष्टकावरून करता येईल. हे आकडे सरासरीचे आहेत. वाण, जमीन व साठवण यांप्रमाणे ते थोडेफार बदलतात.

मका : प्रथिने ८.८ टक्के, शक्ती किलोमागे ३,३५० किलोकॅलरी
पांढरी ज्वारी : प्रथिने ९.५ टक्के, शक्ती ३,२०० किलोकॅलरी
बाजरी : प्रथिने ११.५ टक्के, शक्ती ३,१०० किलोकॅलरी
तांदळाची कणी : प्रथिने ८ टक्के, शक्ती ३,१०० किलोकॅलरी
गहू : प्रथिने ११ टक्के, शक्ती ३,१०० किलोकॅलरी
नाचणी : प्रथिने ७ टक्के, शक्ती २,८०० किलोकॅलरी

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली अशी की, शक्तीच्या बाबतीत एकही धान्य मक्याची बरोबरी करीत नाही. दुसरी अशी की, प्रथिनांच्या बाबतीत ज्वारी, बाजरी व गहू ही मक्याहून सरस दिसतात. परंतु येथे फसगत होण्याचा संभव आहे. पक्ष्याच्या वाढीस नुसती प्रथिने पुरत नाहीत. त्यांतील लायसिन व मेथिओनिन हे घटकही पुरेसे लागतात. सर्वच तृणधान्यांत लायसिन कमी असते. म्हणून बाजरीत प्रथिने अधिक आहेत एवढ्यावरून पेंड भरमसाट कमी करणे चुकीचे ठरते.

ज्वारी

आपल्याकडील पांढरी ज्वारी हे मक्याला सर्वांत जवळचे धान्य होय. जुळणी नीट केल्यास मक्याच्या निम्म्या भागाऐवजी ती निर्धास्तपणे घालता येते. अनुभव आल्यावर हे प्रमाण याहूनही वाढविता येते.

ज्वारीविषयी मुख्य तक्रार टॅनिन या तुरट द्रव्याची आहे. टॅनिन प्रथिनांना धरून ठेवते, त्यामुळे ती पक्ष्याच्या अंगी लागत नाहीत व वाढ खुंटते. परंतु प्रत्येक ज्वारीत टॅनिन असते हा समज बरोबर नाही. आपल्याकडे खाण्यासाठी पिकविल्या जाणाऱ्या पांढऱ्या ज्वारीत ते जवळजवळ नसते. दाणा वरून तांबडा दिसला म्हणजे त्यात टॅनिन असलेच पाहिजे, असेही नाही. टॅनिन असते ते सालीखालच्या पातळ तपकिरी थरात. म्हणून संशय आल्यास दाण्याची वरची साल चाकूने हलकेच खरवडावी. खाली लगेच पांढरा भाग लागला तर ज्वारी चांगली; गडद तपकिरी थर लागला तर ती ब्रॉयलरसाठी घेऊ नये.

याहून खात्रीची परीक्षा ग्रामसेवकांस करता येईल. कपडे पांढरे करण्यासाठी मिळणाऱ्या सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात थोडा कॉस्टिक सोडा विरघळवून त्यात मूठभर दाणे सुमारे २० मिनिटे बुडवून ठेवावेत व मग पाण्याने धुवावेत. टॅनिन असलेले दाणे काळे पडतात, इतर दाणे पिवळसर पांढरे होतात. हे द्रावण हातास व डोळ्यांस इजा करणारे असल्याने रबरी मोजे घालावेत आणि परीक्षेचे दाणे पक्ष्यांना न घालता पुरून टाकावेत. बुरशीने आधीच काळवंडलेल्या दाण्यांवर ही परीक्षा करू नये.

काही ठिकाणी ज्वारी शिजवून घालण्याची पद्धत दिसते. ती सोडून द्यावी. ज्वारी पाण्यात शिजविल्याने तिच्यातील प्रथिने पचण्यास उलट अधिक कठीण होतात. ज्वारी कोरडीच भरडून घालावी.

ज्वारीत मक्यासारखा पिवळा रंग नसल्याने पक्ष्यांचे पाय व कातडी फिकट दिसते. याने मांसाच्या कसात काही उणे येत नाही. तथापि पिवळ्या पायांचे पक्षी मागणारे गिऱ्हाईक असल्यास मका पूर्णपणे काढू नये, अथवा झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्यांची पूड थोड्या प्रमाणात मिसळावी.

काळी पडलेली ज्वारी

१९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण प्रसारित झाले. त्यानंतर खरिपात लवकर तयार होणारी ज्वारी पसरली. उत्पन्न वाढले, पण दाणा भरून पक्व होण्याचा काळ आणि परतीचा पाऊस यांची गाठ पडू लागली. कणसांवर पाऊस पडला की दाण्यावर बुरशी धरते व ज्वारी काळी पडते. ती भाकरीला चालत नाही आणि व्यापारी तिला पडेल तो भाव देतो. असे धान्य घरात पडून असलेल्या शेतकऱ्याला ते कोंबड्यांना घालण्याचा मोह होतो.

या बाबतीत फार सावधगिरी बाळगावयास हवी. काही बुरशी विष तयार करतात. त्यांपैकी अफ्लाटॉक्सिन हे सर्वांत घातक होय. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात मेले. शोध घेता बुरशी धरलेल्या भुईमुगाच्या पेंडीकडे बोट गेले, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिनची ओळख जगाला झाली. हे विष थोड्या प्रमाणात असले तर पक्षी मरत नाहीत, आणि हीच खरी फसगत आहे. ते खातात पण वजन धरीत नाहीत. यकृत पिवळट व ठिसूळ होते. रोगप्रतिकारशक्ती घटल्याने दिलेल्या लसीचाही पुरेसा उपयोग होत नाही. पालक दोष देतो तो पिलांना किंवा लसीला, आणि दोषी धान्य मात्र पोत्यात सुरक्षित राहते.

हे विष भाजल्याने अथवा उकळल्याने नाहीसे होत नाही. धान्य धुवून, वाळवून पांढरे दिसू लागले तरी ते आत राहतेच. मानक संस्थेच्या प्रमाणाप्रमाणे खाद्यात अफ्लाटॉक्सिन किलोमागे २० मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये. हे प्रमाण डोळ्यांनी किंवा वासाने कळणारे नाही. म्हणून काळ्या ज्वारीबाबत पुढील नियम पाळावेत.

(१) दाण्याला कुबट वास असेल, दाणे एकमेकांस चिकटून गोळे झाले असतील किंवा हिरवट बुरशी दिसत असेल, तर ते धान्य कोणत्याही पक्ष्यास घालू नये.

(२) केवळ वरून काळवंडलेले परंतु टणक व कोरडे धान्य असेल तर अनेक पोत्यांतून वरचा, मधला व खालचा नमुना घेऊन एकत्र करावा व तो पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा खाद्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवावा. एकाच पोत्याच्या तोंडाशी घेतलेला नमुना उपयोगाचा नाही, कारण विष धान्यात सारखे पसरलेले नसते.

(३) तपासणीत निर्दोष ठरले तरी तीन आठवड्यांखालील पिलांना असे धान्य देऊ नये.

(४) तपासणी करणे शक्य नसेल तर ते धान्य वापरू नये. धान्याचा तोटा एकदाच होतो. बिघडलेल्या खाद्याने होणारा तोटा पूर्ण तुकडीचा होतो.

बाजरी

बाजरीत प्रथिने व तेल ही दोन्ही मक्याहून थोडी अधिक असतात. दाणा बारीक असल्याने तीन आठवड्यांवरील पक्ष्यांना ती काही प्रमाणात न भरडताही घालता येते. अखंड दाण्याने पक्ष्याच्या पोटातील दळणाचे काम करणारी पेषणी बळकट होते. मक्याच्या निम्म्या भागाऐवजी बाजरी घालण्यास हरकत नाही.

बाजरीच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळावयाच्या असतात. भरडलेली बाजरी फार दिवस टिकत नाही. तिच्यातील तेल लवकर खवट होते व ती कडू लागते. घरी बाजरीचे पीठ कडू होते, हा अनुभव प्रत्येक गृहिणीला आहे. खाद्याचेही तेच होते. म्हणून उन्हाळ्यात व पावसाळ्यात चार-पाच दिवसांपुरतीच बाजरी भरडावी. दुसरी गोष्ट अरगट रोगाची. या रोगात कणसात दाण्याऐवजी काळसर, लांबट, कठीण गाठी तयार होतात व त्या विषारी असतात. थोडे धान्य असल्यास ते २० टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे १० लिटर पाण्यात २ किलो मीठ घालून, ओतावे. गाठी व पोचट दाणे वर तरंगतात. ते काढून नष्ट करावेत. खाली राहिलेली बाजरी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवून कडक उन्हात पूर्ण वाळवावी. मीठ राहिल्यास ते पक्ष्यांना अपाय करते, म्हणून धुण्यात कुचराई करू नये.

कणी, नाचणी व गहू

कोकणात आणि भंडारा, गोंदिया या भातपट्ट्यात कणी सहज मिळते. ती पचण्यास हलकी असून तीत तंतुमय भाग अत्यल्प असतो. मात्र तिच्यात प्रथिने मक्याहून थोडी कमी असल्याने पेंड किंचित वाढवावी लागते. कणीत खडे, तूस व जुना कोंडा मिसळलेला नाही हे पाहूनच ती घ्यावी. भाताचा कोंडा म्हणजे कणी नव्हे. कोंड्यात तेल पुष्कळ असल्याने तो लवकर खवटतो, आणि तुसाची भेसळ असल्यास पक्ष्याला त्यातून काहीच मिळत नाही.

नाचणी माणसाला उत्तम, पण ब्रॉयलरला शक्ती देण्यात ती मागे पडते. मक्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक नाचणी घालू नये. गव्हातील काही पदार्थांमुळे आतड्यातील रस चिकट होतो व पक्ष्यांची विष्ठा ओलसर, चिकट पडते. त्याने तुसाची गादी ओली होऊन अमोनियाचा उग्र वास सुटतो. म्हणून गहू मक्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच आणि झायलेनेज हे विकर मिसळून वापरावा.

जुळणी कशी बदलावी ?

अखेरच्या खाद्याचे, म्हणजे तीन आठवड्यांनंतरच्या खाद्याचे उदाहरण घेऊ. १०० किलो खाद्यात मका ५९ किलो, सोयाबीन पेंड ३२ किलो व तेल ५.५ किलो असून उरलेल्या ३.५ किलोत डायकॅल्शियम फॉस्फेट, चुनखडी, मीठ, मेथिओनिन आणि खनिजे व जीवनसत्त्वे यांचे मिश्रण आहे. यातून सुमारे २० टक्के प्रथिने व जवळजवळ ३,२०० किलोकॅलरी शक्ती मिळते.

आता निम्मा मका काढून ज्वारी घालावयाची असल्यास मिश्रण असे होईल : मका २९ किलो, ज्वारी ३० किलो, सोयाबीन पेंड ३१.५ किलो, तेल ६ किलो व उरलेले ३.५ किलो पूर्वीप्रमाणेच. म्हणजे पेंड अर्धा किलो कमी झाली, परंतु तेल अर्धा किलो वाढले. हा लहानसा दिसणारा फेरच महत्त्वाचा आहे. तेल न वाढविता नुसती ज्वारी घातली तर खाद्यातील शक्ती घटते. पक्षी ती भरून काढण्यासाठी अधिक खातो, आणि वजन मात्र तेवढेच राहते.

हिशेब

उदाहरणादाखल मका २४ रुपये, पेंड ४५ रुपये व तेल १३० रुपये किलो असे भाव धरू. वरील बदलात अर्धा किलो तेलाचे ६५ रुपये वाढतात व अर्धा किलो पेंडीचे २२ रुपये ५० पैसे वाचतात. म्हणजे ३० किलो ज्वारीमागे ४२ रुपये ५० पैसे, किलोमागे सुमारे १ रुपया ४० पैसे अधिक खर्च येतो. यावरून असे दिसते की, ज्वारी मक्याहून किलोला दीड रुपयाने तरी स्वस्त मिळाली तरच तिचा उपयोग. २१ रुपयांनी मिळाल्यास १०० किलो खाद्यामागे सुमारे ४७ रुपये वाचतात.

पाचशे पक्ष्यांची तुकडी दोन किलो वजनापर्यंत वाढविण्यास एका किलो वजनामागे १.६५ किलो या हिशेबाने १,६५० किलो खाद्य लागते. त्यापैकी सुमारे १,१०० किलो अखेरचे खाद्य असते. त्यात ज्वारी घातल्याने सुमारे ५२० रुपये वाचतील.

याउलट जुळणी न बदलता ज्वारी घातली, किंवा ज्वारी बुरशीची निघाली, आणि एका किलो वजनामागे १.६५ ऐवजी १.७५ किलो खाद्य लागू लागले, तर तेवढ्याच वजनासाठी १०० किलो खाद्य जास्त खर्ची पडते. या भावांनी त्याची किंमत सुमारे ३,८०० रुपये होते. पाचशे रुपये वाचविण्यासाठी अडतीसशे रुपये घालविण्याचा हा व्यवहार होतो. ज्वारी १९ रुपयांनी मिळाली तर बचत सुमारे १,१८० रुपयांपर्यंत जाते, पण चुकीची किंमत तीच राहते. तेव्हा धान्य बदलण्यापूर्वी भावांतील फरक पाहावा, आणि तो थोडा असल्यास मक्यालाच धरून राहावे.

वापरताना घ्यावयाची काळजी

धान्य १२ टक्क्यांहून अधिक ओलाव्याचे घेऊ नये. दाणा दातांखाली धरल्यास कट् असा आवाज होऊन तुटला पाहिजे. दबला तर तो ओला आहे असे समजावे. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचावीत. ज्वारी ३ ते ४ मिलिमीटर भोकांच्या चाळणीतून भरडावी. पिठासारखे बारीक दळण पक्ष्यांच्या चोचीस चिकटते व भांड्यातच वाया जाते.

पहिल्या तीन आठवड्यांचे खाद्य मक्याचेच ठेवावे. या वयात पिलू खाते थोडे, पण चूक सोसण्याची त्याची शक्तीही थोडीच असते. त्यानंतर नवे खाद्य एकदम न देता पहिल्या दोन दिवशी एक भाग नवे व तीन भाग जुने, पुढील दोन दिवशी निम्मे-निम्मे आणि त्यानंतर पूर्ण नवे, या क्रमाने द्यावे.

ग्रामसेवकांचे काम

शेतकऱ्याने सांगोवांगी बदल करण्यापेक्षा स्वतःच्या शेडमध्ये पाहणी करावी, यासाठी ग्रामसेवकांनी त्यास मदत करावी. तुकडीतील ५० पक्षी जाळीने वेगळे करून त्यांना नवे खाद्य द्यावे व दुसऱ्या ५० पक्ष्यांना जुने. दोन्हीकडे जागा, पाणी व भांडी सारखीच असावीत. रोज घातलेले व उरलेले खाद्य मोजून वहीत लिहावे आणि दर आठवड्यास ठरावीक दिवशी, खाद्य घालण्यापूर्वी, पक्ष्यांचे वजन करावे. खाल्लेल्या खाद्यास वाढलेल्या वजनाने भागले असता एका किलो वजनामागे किती खाद्य लागले ते समजते. या आकड्यास त्या खाद्याच्या किलोच्या दराने गुणले की एका किलो वजनाचा खाद्यखर्च निघतो. दोन गटांतील हा खर्च ताडून पाहावा.

ज्या खाद्याने हा खर्च कमी आला ते खाद्य त्या शेतकऱ्यासाठी स्वस्त, मग त्यात मका असो, ज्वारी असो की बाजरी. बाजारातील पोत्याच्या भावावरून हा निर्णय होत नाही. तो तराजू व वही यांच्या साहाय्यानेच घ्यावा लागतो. ही सवय लागल्यास मक्याचा भाव चढला असता शेतकऱ्याला घाबरून धान्य बदलावे लागणार नाही, आणि घरची ज्वारी-बाजरी केव्हा विकावी व केव्हा पक्ष्यांना घालावी, हे त्याचे त्यालाच ठरविता येईल.